रक्ताचा दुर्मीळ आजार आणि योग्य डॉक्टरचा शोध : खान्देशातल्या घरांना पडणारे प्रश्न

माझ्या धाकट्या भावाचं हिमोग्लोबिन सहावर आलं, तेव्हा यावल तालुक्यातल्या आमच्या गावात सगळ्यांचं एकच निदान होतं : "रगत कमी शे, दुसरं काय!" मग लोहाच्या गोळ्या, लोहाची इंजेक्शनं, बीट, गूळ-शेंगदाणे आणि दोनदा रक्ताच्या पिशव्या. चौदा महिने हेच चाललं. शेवटी नाव निघालं ॲप्लास्टिक ॲनिमिया, म्हणजे हाडाच्या आतला मगज रक्तपेशी बनवणंच जवळजवळ सोडून देतो. फाइल पुन्हा चाळताना दिसलं, की दुसऱ्याच महिन्यातल्या एका रिपोर्टाच्या तळाशी पॅथॉलॉजिस्टने बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं : तिन्ही पेशी कमी, रेटिक्युलोसाइट काउंट (नव्या तांबड्या पेशींची मोजणी) करावा, रक्तविकारतज्ज्ञांना दाखवावं. ती ओळ कोणीच वाचली नव्हती, आम्हीसुद्धा.

भाऊ आता बरा आहे, गोळ्या चालू आहेत. तेव्हापासून रावेर, चोपडा, शिरपूर, पार तळोद्यापर्यंतच्या लोकांचे फोन येतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच लिहून काढले. मी शाळामास्तर आहे, डॉक्टर नाही. इथे औषध सांगितलेलं नाही, रस्ता सांगितला आहे.

सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, गडबड आली म्हणजे दुर्मीळ आजारच समजायचा का?

नाही. बहुतेक वेळा कारण साधंच असतं. आपल्याकडे बायका-मुलींमध्ये लोहाची कमतरता घरोघरी आहे. पावसाळ्यानंतर प्लेटलेट उतरल्या तर आधी डेंग्यू आणि मलेरिया बघायचा. शाकाहारी घरांमध्ये बी-१२ इतकं खाली जातं, की हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट हे तिन्ही आकडे घसरतात आणि कागदावर चित्र थेट मगजाच्या आजारासारखं दिसतं. काही दिवसांच्या इंजेक्शनांनी ते सावरतं. म्हणून मुंबईचं तिकीट काढण्याआधी बी-१२ तपासलंय का, ते विचारा.

तज्ज्ञाकडे जायला हवं अशा खुणा वेगळ्या. योग्य औषध घेऊनही दोन-तीन महिन्यांत आकडा हलत नाही. तिन्ही पेशी कमी आहेत आणि बी-१२ मात्र ठीक आहे. लहानपणापासून पडलं-आपटलं की सांधा सुजतो, दात काढला की रक्त थांबत नाही. पाळी आठ-दहा दिवस चालते, आणि आईचीही तशीच चालायची. सकाळची लघवी कोकाकोलासारखी गडद होते. पोटात डावीकडे प्लीहा हाताला लागते. तरुण माणसाच्या पायात किंवा पोटातल्या शिरेत विनाकारण गुठळी होते. आणि रिपोर्टात 'ब्लास्ट' (कच्च्या पेशी, ल्युकेमियाची खूण असू शकते) हा शब्द आला, तर त्याच आठवड्यात निघा, पुढच्या अमावास्येनंतर नाही.

रक्ताचा डॉक्टर म्हणजे नेमका कोण?

इथे मोठा घोळ आहे. रक्त 'तपासणारा' आणि रक्ताच्या रोगावर 'उपचार करणारा' ही दोन वेगळी माणसं आहेत. पॅथॉलॉजिस्ट काच बघतो, मगजाचा तुकडा वाचतो आणि निदानाचा पाया घालतो, पण सहसा औषध देत नाही. उपचार करतो तो हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञ. त्याच्या पाटीवर एमडीनंतर 'डीएम, क्लिनिकल हिमॅटॉलॉजी' असं असतं. एमडी झाल्यावरचं हे तीन वर्षांचं वेगळं शिक्षण आहे. मेडिकल ऑन्कॉलॉजिस्ट हा कर्करोगाचा तज्ज्ञ. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा हे रक्ताचे कर्करोग तो उत्तम सांभाळतो. हिमोफिलिया (जन्मतःच रक्त नीट न गोठणं) किंवा पीएनएच (तांबड्या पेशी रक्तातच फुटण्याचा आजार) हे त्याचं रोजचं काम असेलच असं नाही. मूल असेल तर बालरक्तविकारतज्ज्ञ शोधा. मुलांचे डोस, मुलांचे आजार आणि मुलांच्या शिरासुद्धा वेगळ्या असतात.

पदवीची शंका आली तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघता येतं. त्यात लाजण्यासारखं काही नाही. बियाण्याच्या पाकिटावरचं लेबल आपण वाचतोच की.

जळगाव, धुळे, नंदुरबारला असा डॉक्टर मिळतो का?

पूर्णवेळ बसणारे फार थोडे. मुंबई-नाशिककडचे काही तज्ज्ञ महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी इकडे ओपीडी घेतात. अशी ओपीडी पहिल्या भेटीला आणि नंतरच्या तपासण्यांना चांगली. पण रात्री दोन वाजता रक्तस्राव सुरू झाला तर तो डॉक्टर चारशे किलोमीटरवर असतो, हे धरून चाला.

तिन्ही जिल्ह्यांत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या मेडिसिन विभागाला कमी लेखू नका. पेरिफेरल स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं), रेटिक काउंट, बी-१२, सोनोग्राफी इतकं इथेच झालं, तर पुढचा तज्ज्ञ पहिल्याच भेटीत कामाचं बोलतो. शिवाय तिथलं रेफर पत्र सरकारी योजनांच्या कामाला पुढे उपयोगी पडतं.

सगळे म्हणतात सरळ टाटाला न्या. नेऊ का?

आमच्याकडे 'टाटा' हा शब्द 'मोठा आजार' याच अर्थाने वापरतात. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल १९४१ पासूनचं, कर्करोगाचं रुग्णालय आहे. भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे मगजाचं प्रत्यारोपण, १९८३ साली तिथेच झालं. रक्ताचा कर्करोग असेल किंवा तशी पक्की शंका असेल, तर जरूर जा. पण रक्ताचे सगळेच आजार कर्करोग नसतात, आणि कर्करोग नसलेल्या आजारासाठी तिथे रांग धरण्यात दिवस जातात.

कर्करोग नसलेल्या, अवघड आणि निदानच लागत नसलेल्या आजारांसाठी मला सर्वांत उपयोगी वाटलेला पत्ता तिथून चालत जाण्याइतक्या अंतरावर आहे. तो म्हणजे केईएम रुग्णालय, आणि त्याच आवारातल्या उंच इमारतीच्या तेराव्या मजल्यावरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. ही आयसीएमआरची, म्हणजे केंद्र सरकारची संस्था आहे. १९५७ साली रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली. 'बॉम्बे ब्लड ग्रुप' हा जगप्रसिद्ध दुर्मीळ रक्तगटही केईएममध्येच १९५२ साली डॉ. भेंडे यांनी शोधला. गुठळीचे दोष, प्लेटलेटचं नीट काम न करणं, हिमोग्लोबिनचे जन्मजात दोष, पीएनएच असल्या तपासण्यांचा तिथे अनेक वर्षांचा हातखंडा आहे. केईएमच्या रक्तविकार विभागाचं पत्र घेऊन जाणं सोपं पडतं.

लहान मुलांसाठी परळलाच वाडिया रुग्णालय आहे. थॅलेसेमियाच्या (जन्मतःच हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आजार) मुलांसाठी बोरिवलीत मुंबई महापालिकेचं खास केंद्र आहे, तिथे ट्रान्सप्लांटही होतं. तामिळनाडूतलं वेल्लोरचं सीएमसी रुग्णालय रक्तविकारांत देशात नावाजलेलं आहे. पण भुसावळहून तो पल्ला, भाषा आणि मुक्काम यांचा हिशेब करूनच ठरवा. नंदुरबार-नवापूरकरांना सुरत जवळ पडतं आणि ते तिकडे जातातही. फक्त राज्य सरकारची महात्मा फुले आरोग्य योजना राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते, हे आधी लक्षात घ्या. आयुष्मान कार्ड असेल तर त्या रुग्णालयाला आधी फोन करून विचारा.

हिमोफिलियासाठी मात्र 'सर्वांत मोठं' नव्हे, 'सर्वांत जवळचं फॅक्टर मिळणारं' ठिकाण बघायचं (फॅक्टर म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, ते इंजेक्शनने देतात). नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात डे-केअर केंद्र आहे. तुमच्या जिल्हा रुग्णालयात फॅक्टर आठ आणि नऊचा साठा असतो का, ते आज, काही झालेलं नसताना, जाऊन विचारा.

आमच्याकडे धडगाव-अक्कलकुव्याला सिकलसेल आहे. तो दुर्मीळ म्हणायचा का?

सिकलसेल म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा जन्मजात आजार. मुंबईच्या पॉश दवाखान्यात दुर्मीळ, सातपुड्यात नाही. भिल्ल, पावरा, तडवी वस्त्यांमध्ये तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणून याबाबत नंदुरबारच्या सरकारी डॉक्टरचा हात कधीकधी शहरी डॉक्टरपेक्षा जास्त बसलेला असतो. जुलै २०२३ मध्ये केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, तेव्हापासून आदिवासी भागात ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी करायची असं धोरण आहे.

एक गोष्ट पक्की समजून घ्या. झटपट होणारी सोल्युबिलिटी टेस्ट फक्त 'आहे की नाही' एवढं सांगते. 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे रुग्ण, हा फरक कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) लागते. वाहक माणूस आजारी नसतो. त्याला आयुष्यभर गोळ्या देणारा भेटला तर तिथून उठा. एसएस असेल तर हायड्रॉक्सियुरिया हे औषध चालू करायचं का, हे तज्ज्ञाला विचारा. तज्ज्ञाची गरज विशेषतः वारंवार छातीचं दुखणं, पक्षाघाताची लक्षणं, खुब्याचा सांधा झिजणं किंवा गरोदरपण असेल तेव्हा आहे.

सॅम्पल कुरिअरने मुंबईला पाठवलं तर चालेल ना? रुग्णाला कशाला दगदग?

काही तपासण्यांना चालतं, काहींना अजिबात नाही, आणि इथेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. एचपीएलसीचं जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त थंडाव्यात ठेवून दोन-तीन दिवस टिकतं. जनुकीय तपासणीचं त्याहूनही जास्त. पण निळ्या झाकणाच्या नळीतलं, म्हणजे रक्त गोठण्याच्या तपासणीचं रक्त काही तासांत बिघडायला लागतं. त्यात फॅक्टर आठ सर्वांत नाजूक. संध्याकाळी जळगावात काढलेलं रक्त रात्रीच्या गाडीने गेलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मशीनला लागलं, तर फॅक्टर कमी दिसणारच. मग धडधाकट माणसाला हिमोफिलियाचा शिक्का बसू शकतो. प्लेटलेटच्या कामाची तपासणी तर तिथल्या तिथेच करावी लागते. अशा वेळी नळी पाठवायची नाही, माणूस पाठवायचा.

दुसरी चूक रक्त चढवण्याच्या घाईत होते. दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की पुढचे जवळजवळ तीन महिने एचपीएलसी गोंधळलेली येते, कारण मशीन दात्याचंही हिमोग्लोबिन मोजत असतं. रक्त देणं अगदी टळत नसेल तर द्यावंच लागतं, जीव आधी. पण पिशवी लावण्याआधी दोन नळ्या रक्त काढून ठेवायला सांगा. वॉर्डातली सिस्टर हे दोन मिनिटांत करते, फक्त कोणीतरी म्हणावं लागतं. भावाच्या वेळी कोणी म्हटलं नाही.

स्टिरॉइडचंही तसंच. प्लेटलेट कमी दिसल्या की काही ठिकाणी लगेच स्टिरॉइड देतात. ते आयटीपीत (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट मारतं, त्या आजारात) योग्यच आहे, पण आत ल्युकेमिया लपलेला असेल तर चार दिवस बरं वाटतं आणि मगजाची तपासणी फसते. निदान पेरिफेरल स्मिअर अनुभवी पॅथॉलॉजिस्टने डोळ्यांनी बघितलाय का, एवढं औषधाआधी विचारा. मशीनचा छापील आकडा म्हणजे स्मिअर नव्हे.

पहिल्या भेटीला काय काय न्यायचं?

सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून. वर एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तक्ता काढा : तारीख, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, त्या वेळी चालू असलेलं औषध, रक्त चढवलं असेल तर किती पिशव्या. आमच्या मुंबईच्या डॉक्टरांनी तीन इंच जाड फाइल बाजूला ठेवली आणि वहीच्या पानावरचा हा तक्ता पाच मिनिटं बघितला.

मगजाची तपासणी आधी झाली असेल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका, काचा आणि मगजाचा तुकडा जपून ठेवलेले मेणाचे ठोकळे मागून घ्या. लॅब ते देते. ते नेले नाहीत, तर कमरेच्या हाडात पुन्हा सुई बसण्याची पाळी येते, आणि ती सुई कशी असते हे ज्याला बसली त्याला विचारा.

घराण्याची माहितीही गोळा करा. कोण लहानपणी रक्तस्रावाने गेलं, कोणाची प्लीहा काढली, नवरा-बायको नात्यातले आहेत का. मामाच्या मुलीशी लग्न आपल्याकडे नवल नाही. डॉक्टर विचारतील तेव्हा आढेवेढे घेऊ नका. शेतावरच्या फवारणीबद्दलही विचारतील. कोणतं औषध, किती वर्षं, तोंडाला फडकं बांधून की तसंच, हे आठवून ठेवा. आयुर्वेदिक भस्मं, गावठी पुड्या, जिमची पावडर असलं काही घेतलं असेल तर तेही सांगा.

हा डॉक्टर योग्य आहे हे ओळखायचं कसं?

मी तीन प्रश्न विचारायला सांगतो. या आजाराचे किती रुग्ण तुम्ही सध्या बघता? निदान कशावरून पक्कं झालं आणि दुसरं काय असू शकतं? जळगावातल्या आमच्या डॉक्टरशी तुम्ही फोनवर बोलाल का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'दोन-तीनच' असं आलं तरी घाबरू नका. दुर्मीळ आजारात दोन-तीन म्हणजेही अनुभव आहे, आणि ते प्रामाणिकपणे सांगणारा पुढे कोणाकडे पाठवायचं तेही सांगतो. तिसऱ्या प्रश्नाला जो वैतागतो, त्याच्याकडे लांबून येणाऱ्या रुग्णाचं जमत नाही.

'शंभर टक्के गॅरंटी' म्हणणाऱ्यापासून दूर राहा, मग तो कोणत्याही पॅथीचा असो. पपईच्या पानांचा रस डेंग्यूच्या साथीत घरोघरी पितात, पण मगजच बंद पडला असेल तर त्याने प्लेटलेट तयार होत नाहीत. भगताकडे जाऊन आलात तर मी काही म्हणणार नाही, फक्त त्या नादात तारीख चुकवू नका.

दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतलं तर पहिल्याला राग येईल का?

आला तर येऊ द्या. पण चांगल्या डॉक्टरला येत नाही, आणि रिपोर्ट हे तुमचेच असतात.

खर्चाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरलेल्या उपचारांना आणि ठरलेल्या रुग्णालयांतच. भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा, बिल झाल्यावर नाही. मुंबई-पुण्याच्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तो घरून निघतानाच काढून ठेवा, नाहीतर एका कागदासाठी परळहून यावलला परत यावं लागतं. अनुभवाचे बोल.

थॅलेसेमिया आणि ॲप्लास्टिक ॲनिमियाच्या ट्रान्सप्लांटला कोल इंडियाच्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून ठरलेल्या रुग्णालयांत १० लाखांपर्यंत मदत मिळते. केंद्राच्या २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात ५० लाखांपर्यंतची तरतूद आहे आणि केईएम हे त्याचं एक केंद्र आहे. पण त्यातली आजारांची यादी ठरलेली असते. रक्ताच्या आजारांपैकी फॅन्कोनी ॲनिमिया तिच्यात आहे, सगळे नाहीत. पैसे रुग्णालयाला मिळतात, आपल्या हातात नाही.

हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतात. प्रमाणपत्र काढून ठेवा. रेल्वेत हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाच्या रुग्णाला उपचाराच्या प्रवासासाठी स्लीपर आणि थ्री-एसीत ७५ टक्के, सिकलसेल आणि ॲप्लास्टिक ॲनिमियाला ५० टक्के सवलत आहे. फॉर्मवर रुग्णालयाचा सही-शिक्का लागतो. मुक्कामाला दादर पूर्वेला गाडगेबाबांच्या मिशनची धर्मशाळा आहे. रुग्णालयाचं पत्र जवळ ठेवा आणि सकाळी लवकर पोहोचा.

कधी शोधाशोध सोडून जवळचा दवाखाना गाठायचा?

पांढऱ्या पेशी फार कमी आहेत आणि ताप १००.४ च्या वर गेला. प्लेटलेट कमी आहेत आणि डोकं जोरात दुखतंय, उलटी होतेय, बोलणं अडखळतंय. हिमोफिलियाच्या मुलाच्या डोक्याला मार लागला. इथे आधी फॅक्टर, मग स्कॅन. सिकलसेलच्या रुग्णाला छातीत दुखून धाप लागली. प्लेटलेट कमी, कावीळ आणि माणूस असंबद्ध बोलतोय असं एकत्र दिसलं, तर टीटीपी नावाचा आजार असू शकतो. त्यात प्लाझ्मा बदलावा लागतो आणि तासांचा हिशेब असतो. यातल्या कशातही तज्ज्ञाच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. आणि तिथे पोहोचल्यावर पहिलं वाक्य हेच : "याला रक्ताचा आजार आहे, कमरेत इंजेक्शन देऊ नका, दुखण्यावर ॲस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅक देऊ नका." हे वाक्य मराठी आणि इंग्रजीत लिहून रुग्णाच्या पाकिटात ठेवा.

सगळी भाऊबंदकी रक्त द्यायला तयार आहे. भावाचं रक्त भावाला दिलेलं चांगलं ना?

आपल्याकडचा हा चांगुलपणा एरवी कौतुकाचा, पण ॲप्लास्टिक ॲनिमियासारख्या आजारात तोच नडतो. पुढे ट्रान्सप्लांट करायचं झालं तर मगज सख्ख्या भावा-बहिणीचा जुळण्याची सर्वांत जास्त आशा असते. प्रत्येक भावंडामागे चारातली एक. पण त्याच नात्यातलं रक्त आधी अंगात गेलेलं असेल तर शरीर त्या पेशी ओळखून ठेवतं आणि नंतर तोच मगज नाकारण्याचा धोका वाढतो. म्हणून अशा रुग्णाला आई-वडील, भाऊ-बहीण यांचं रक्त किंवा प्लेटलेट देऊ नयेत, असं तज्ज्ञ सांगतात. आमच्या भावाला पहिली पिशवी मीच दिली होती, मोठ्या अभिमानाने. नंतर मुंबईच्या डॉक्टरांनी विचारलं, "रक्त कोणी दिलं?" मी हात वर केला, आणि त्यांनी नुसतं माझ्याकडे बघितलं.

नातेवाइकांना थोपवू नका. रक्तपेढीत न्या आणि साठ्यासाठी द्यायला सांगा. त्यांचं रक्त दुसऱ्या कोणाच्या कामी येईल आणि तुमच्या रुग्णाला अनोळखी माणसाचं मिळेल.